सायकलचा डायनामो आणि संध्याकाळचे सात

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, सोलरची वीज दोन रुपये युनिट झाली तरी सरकार कोळसा जाळतंय, सगळा कमिशनचा खेळ! कमिशनचं मला माहीत नाही, पण दोन रुपयांचं खरंय, 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1.99 रुपये भाव निघाला होता. फक्त ती वीज दुपारची. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो, आणि ग्रिड, म्हणजे केंद्रं आणि घरं जोडणारं तारांचं जाळं, म्हणजे काही माठ नव्हे की दुपारी भरला आणि रात्री प्यायला. आपण आत्ता जेवढी वापरतोय तेवढी आत्ताच कुठेतरी तयार होत असते.

जुन्या सायकलचा डायनामो आठवतोय? चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं, जोर नाही लावला तर सायकल हळू. औष्णिक केंद्रातला जनरेटर तसाच, मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 50, तीच आपली 50 हर्ट्झ. लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढला की जनरेटरचा कित्येक टनांचा फिरणारा भाग, रोटर, जरासा मंदावतो, फ्रीक्वेन्सी (सेकंदाचे फेरे) 49.9 होते, वेगावर लक्ष ठेवणाऱ्या गव्हर्नरला ते कळतं आणि तो वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो. किती उघडायचा ते ड्रूपवर ठरतं, म्हणजे फ्रीक्वेन्सी किती टक्के घसरली की पूर्ण क्षमतेइतकी वीज वाढवायची ते प्रमाण, 5 टक्के ड्रूप असेल तर 0.1 हर्ट्झ घसरणीला क्षमतेच्या 4 टक्के जास्त वीज (हिशोब करून बघा, मजा येते). आणि 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं तेव्हापासून चंद्रपूरचा जनरेटर सेट आणि तमिळनाडूचा सेट एकाच तालात फिरतायत!

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद केले ना, तेव्हा मागणी 31,000 मेगावॅटपेक्षा जास्त पडली, आधीचा अंदाज मात्र याच्या निम्म्याहूनही कमी घसरणीचा होता. दिव्यांच्या वैश्विक ऊर्जेने व्हायरस मरतो वगैरे मेसेज फिरत होते, आणि तिकडे ग्रिडवाले जलविद्युतच्या सेटची वीज पटापट कमी करत होते, कारण पाण्याचा सेट मिनिटांत वरखाली होतो, कोळशाच्या बॉयलरला ते झेपत नाही. फ्रीक्वेन्सी 49.7 ते 50.26 मध्येच राहिली. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवायला हव्या होत्या.

म्हणून नियोजनात नुसते मेगावॅट मोजून भागत नाही, मागणीसुद्धा हलवावी लागते. आमचे काका वर्षानुवर्षं थ्री फेज रात्री यायची म्हणून दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचे, बिबट्याची भीती वेगळीच. तो पंप दुपारी चालला तर सोलरची वीज जागच्या जागी वापरली जाते, शेतीपंपांना दिवसा सोलरची वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमागे गणित हेच आहे. संध्याकाळच्या सातला मात्र पंपाचा उपयोग नाही, तिथे घाटघरच्या 250 मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पासारखे प्रकल्प लागतात, वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. शंभर युनिट घातले तर परत मिळतात साधारण 75-80. दुपारची दोन रुपयांची वीज तिथेच महाग व्हायला लागते, वर धरण, बोगदे आणि टर्बाइनचा खर्च वेगळाच, तो फॉरवर्डमध्ये कुठे लिहिलेला नव्हता.