द इनर माउंटिंग फ्लेम

'द इनर माउंटिंग फ्लेम' हा महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा पहिला अल्बम. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला आणि त्याच वर्षी कोलंबिया रेकॉर्ड्सने काढला. एकूण आठ पीस, सगळे मिळून साधारण ४६ मिनिटं, गायलेला शब्द एकही नाही, आणि सगळ्या रचना गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनच्या. बँडचं नाव वाचून आपल्याकडच्या माणसाला वाटतं की सतार-तबल्याचं काहीतरी शांत, ध्यानाला लावायचं संगीत असेल, आणि मग सुई ठेवली की गिटार, व्हायोलिन आणि ड्रम्स एकदम अंगावर येतात.

जॅझ, रॉक, ब्लूज, फंक, आयरिश वळणाची धून, पाश्चात्त्य शास्त्रीय, भारतीय तालविचार, सगळं यात आहे. फ्यूजन म्हटलं की बऱ्याचदा खिचडी होते, चार चमचे हे आणि दोन चमचे ते. इथे तसं होत नाही आणि माझ्या मते त्याचं कारण लय आहे. पाचही जण मात्रा इतक्या घट्ट धरून असतात की वर काहीही येवो, ब्लूज येवो नाहीतर व्हायोलिनची हळवी धून, खालची जमीन हलत नाही.

बँड कसा जमला ते बघण्यासारखं आहे. मॅक्लॉफलिन १९४२ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरचा, आई व्हायोलिन वाजवायची. १९६९ मध्ये तो ड्रमर टोनी विल्यम्सच्या लाइफटाइम या बँडसाठी न्यूयॉर्कला आला आणि आल्या आल्या जॅझमधला मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं, 'बिचेस ब्रू'मध्ये तर एका पीसचं नावच 'जॉन मॅक्लॉफलिन' आहे. स्वतःचा बँड काढ असं त्याला सांगणाराही माइल्सच.

ड्रम्सवर बिली कॉबम, जन्म पनामाचा पण वाढला ब्रुकलिनमध्ये, अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. कीबोर्डवर यान हॅमर, प्रागचा, १९६८ नंतर अमेरिकेत आलेला, गायिका सारा व्हॉनला साथ करत होता. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन, आधी द फ्लॉक या रॉक बँडमध्ये होता. बासवर डब्लिनचा रिक लेअर्ड. म्हणजे पाच माणसं आणि पाच देश. कोणी जॅझ क्लबमधून आलेला, कोणी रॉकच्या स्टेजवरून, कोणी शास्त्रीय संगीताच्या शाळेतून, त्यामुळे अनेक शैली एकत्र आणायच्या असं वेगळं ठरवायची गरज पडली नसावी, त्या माणसांबरोबरच खोलीत आल्या.

जुलै १९७१ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या गॅसलाइट क्लबमध्ये त्यांनी ब्लूजवाल्या जॉन ली हूकरच्या आधी वाजवलं आणि ऑगस्टमध्ये अल्बम रेकॉर्ड केला. जमून जेमतेम काही आठवडे झालेले! ऐकताना हे खरं वाटत नाही, कारण गिटार आणि व्हायोलिन इतक्या वेगात एकच ओळ वाजवतात की वर्षानुवर्षं शेजारी बसून रियाज केल्यासारखं वाटतं.

नावाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मॅक्लॉफलिन तेव्हा श्री चिन्मय यांचा शिष्य होता. चिन्मय मूळचे चितगावकडचे बंगाली, पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात वीस वर्षं राहून १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले. 'महाविष्णू' हे नाव त्यांनीच त्याला दिलं आणि तेच बँडला लागलं. अल्बमच्या नावातली आत पेटून वर चढत जाणारी ज्योत हीसुद्धा त्यांच्याच शिकवणीतली, आपल्याकडे जिला साधकाची तळमळ म्हणतात तीच. मॅक्लॉफलिन केस बारीक कापलेले, पांढरे कपडे, अशा वेशात दोन दांड्यांची गिटार घेऊन उभा राहायचा आणि वाजवायच्या आधी लोकांना थोडा वेळ शांत बसायला सांगायचा. हे दिखाव्यासाठी होतं असं मला वाटत नाही. संगीतात ती तळमळ ऐकू येते, खरोखर काहीतरी वर चढत असतं.

आता एक गोष्ट जी बरेच जण चुकीची सांगतात. या अल्बमात भारतीय वाद्य एकही नाही. त्याच वर्षीच्या मॅक्लॉफलिनच्या 'माय गोल्स बियाँड' मध्ये तानपुरा आहे, बादल रॉय यांचा तबला आहे, आणि गुडमन आणि कॉबमही तिथे आहेत. इथे मात्र एक पीस सोडला तर सगळं विजेवर चालणारं, मार्शल कंपनीच्या अँप्लिफायरमधून फाटून येणारं. भारतीयपण आहे ते मोजण्यात आहे, म्हणजे सात, नऊ, दहा मात्रांची आवर्तनं, आणि सगळ्यांनी मिळून एकच लांब ओळ वाजवत समेवर येणं. रॉकची गाणी बहुतेक चारात मोजली जातात, जॅझमध्येही चारच जास्त. आपल्याला रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांची सवय असते म्हणून मराठी कानाला हा अल्बम तसा परका वाटायला नको, फक्त विभागणी आपल्या तालांसारखीच असेल असं धरून चालू नका.

पहिला पीस 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स'. सुरुवातीला गिटारचे मोठे, ताणलेले कॉर्ड्स (एकदम वाजवलेले अनेक सूर), मध्ये थांबणं, ड्रम्सचा गडगडाट, परत कॉर्ड. मग गिटारवर एकेक सूर सुटा करून वाजवलेली फिरती ओळ सुरू होते आणि तिच्यावर मुख्य धून येते. नाट्यगृहात पडदा वर जाताना जसं छातीत होतं तसं इथे होतं. नंतरचा 'डॉन' सात मात्रांचा, संथ, व्हायोलिनची धून अगदी साधी आणि सुंदर, मध्येच गिटार दुगुनीत निघून जाते आणि परत पहाटेसारखं सगळं शांत. 'द नूनवर्ड रेस' ही गिटार आणि ड्रम्सने सुरू होणारी धाव आहे, फंक आणि ब्लूजच्या अंगाची, इथे हॅमरच्या फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून इतका वेडावाकडा काढलाय की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कीबोर्ड आहे हे कळतही नाही. (मूग सिंथेसायझरसाठी हॅमर पुढे प्रसिद्ध झाला पण तो जमाना पुढच्या अल्बमपासूनचा.)

आणि मग 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स'. ड्रम्स नाहीत, बास नाही, फक्त अकूस्टिक गिटार, पियानो आणि व्हायोलिन. नावातच कमळ आणि आयर्लंडचे झरे एकत्र आलेत आणि संगीतही तसंच. एवढ्या गदारोळानंतर तीन लाकडी वाद्यं एकमेकांचं ऐकत वाजवतायत, घाई नाही, ठेका नाही, लय श्वासासारखी. या बँडला फक्त वेगच येतो म्हणणाऱ्यांना मी नेहमी हाच पीस ऐकवतो.

'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' कॉबमच्या एकट्या ड्रम्सने सुरू होतो, नऊ मात्रांचा ठेका, आणि हा ठेका पुढे किती ड्रमवाल्यांनी घासून घासून पाठ केलाय. 'द डान्स ऑफ माया' हा मात्र माझ्या दृष्टीने अल्बमचा गाभा. आधी गिटारवर दहा मात्रांची, कानाला टोचणारी, कुठे टेकायचं ते न कळणारी फिरती ओळ, हळूहळू वाढत जाते. मग ती अचानक बंद. ड्रम्स वेगळाच ठेका धरतात आणि वर चक्क ब्लूज, डोलायला लावणारा, रांगडा. आपण त्यात रमतो, पहिली ओळ विसरून जातो, आणि तेवढ्यात ती परत येते आणि ब्लूजच्या अंगावर फिट्ट बसते. म्हणजे दोन्ही आधीपासून एकाच हिशोबातल्या होत्या, आपल्याला वेगळ्या वाटत होत्या एवढंच. पीसचं नाव माया आहे हे तेव्हा लक्षात येतं. दोन शैली जोडायची यापेक्षा चांगली पद्धत मी तरी ऐकलेली नाही.

'यू नो यू नो' संथ, तीच छोटी ओळ परत परत, आणि मधल्या मोकळ्या जागांत कॉबम थोडंथोडं काहीतरी पेरत जातो. याच पीसचा तुकडा १९९१ मध्ये मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश ग्रुपने 'वन लव्ह' या गाण्यासाठी उचलून वापरला (सँपल केला), त्यामुळे अनेकांनी तो महाविष्णूचं नाव माहीत नसतानाच ऐकलेला असतो. शेवटचा 'अवेकनिंग' साडेतीन मिनिटांचा, पूर्ण सुसाट.

विक्रीच्या बाबतीत, शब्द नसलेल्या आणि मोजायला अवघड अशा संगीताच्या मानाने अल्बम बराच चालला, बिलबोर्डच्या मुख्य यादीत ८९ आणि जॅझच्या यादीत ११ पर्यंत गेला. आवाज फार, सूर फार, असं म्हणणारेही असतात आणि त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, 'अवेकनिंग'मध्ये वेग कधीकधी धुनेच्या पुढे निघून जातो. पण या अल्बमनंतर रॉकच्या आवाजात जॅझची बुद्धी वापरता येते याबद्दल कुणाला शंका उरली नाही. हॅमर पुढे रॉक गिटारवादक जेफ बेकच्या 'वायर्ड' या १९७६ च्या अल्बममध्ये वाजवताना दिसतो, म्हणजे धागा सरळ रॉकमध्येच गेला.

हा मूळ संच फार टिकला नाही. 'बर्ड्स ऑफ फायर' आणि एक लाइव्ह अल्बम झाला आणि १९७३ च्या शेवटी पाचजण वेगळे झाले. बाकीच्यांनाही स्वतःच्या रचना वाजवायच्या होत्या हे एक कारण. त्याच वर्षी रेकॉर्ड केलेल्या आणि थेट १९९९ मध्ये बाहेर आलेल्या 'द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स' मध्ये हॅमर, गुडमन आणि लेअर्ड यांच्या रचना ऐकायला मिळतात. लेअर्ड नंतर फोटोग्राफीकडे वळला आणि २०२१ मध्ये गेला.

मॅक्लॉफलिन मात्र जे इथे मोजण्यात होतं त्याच्या मुळाशी गेला. अमेरिकेतच डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला आणि मग माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड उभा केला. इथे वीज काढून टाकली, वाद्यं भारतीय आली. पुढच्या काळात त्यात आपले चेंबूरचे शंकर महादेवनही आले आणि २०२४ मध्ये शक्तीच्या 'धिस मोमेंट' ला ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. शक्ती ऐकून महाविष्णूकडे उलटं आलेले मराठी श्रोते बरेच भेटतात, आणि तो रस्ता चांगला आहे.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर मोबाईलच्या स्पीकरवर नको, बास आणि पायाचा ड्रम गायबच होतो. 'डॉन' लावा, मांडीवर सात मोजा, पहिल्या दोनतीन आवर्तनांत चुकेल, मग हात आपोआप एकवर पडायला लागेल. त्यानंतर 'द डान्स ऑफ माया', आणि ब्लूज सुरू झाला की दहा मोजणं सोडू नका.