स्क्रीन प्रिंटिंगच्या सामूहिक कार्यशाळा : पार्श्वभूमी

मुद्राचित्रणाचा, म्हणजे छापून चित्रे काढण्याच्या कलेचा, इतिहास सहसा कलाकारांच्या नावांनी आणि तंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. छपाईचे साधन कोणाच्या ताब्यात होते, हा प्रश्न त्यात मागे पडतो. कलाकारांनी एकत्र येऊन चालवलेल्या सामूहिक कार्यशाळांचा उगम समजून घ्यायचा असेल तर मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते. शिळाछापाचे, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईचे, उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेने आणि १८९४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली, पण या छपाईसाठी जड दगड, यंत्रे, कसबी कारागीर आणि मोठे भांडवल लागत असे. रविवर्मांचा छापखाना पुढे मळवलीला हलला आणि आर्थिक ओढाताणीत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

स्क्रीन प्रिंटिंगने नेमकी ही अडचण दूर केली. चौकटीवर ताणून बसवलेली जाळी, तिच्यावर बुजवलेले आणि मोकळे ठेवलेले भाग, आणि शाई ओढणारी रबरी पात्याची स्क्वीजी एवढ्यावर काम भागते. प्रकाशाने घट्ट होणारे रसायन जाळीवर लावून त्यावर चित्राची फिल्म ठेवली की उजेड पोहोचतो तिथे थर कडक होतो आणि झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. शाई कागदावर उतरते ती त्याच मोकळ्या जागेतून. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे आधीच्या रंगावर पुढचा रंग बिनचूक बसवणे हेच खरे कसब ठरते. ते काही दिवसांच्या सरावाने हाती येते आणि सारी सामग्री एका खोलीत मावते.

इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. जपानमध्ये कापलेल्या कागदी साच्यातून (स्टेन्सिल) कापडावर नक्षी उतरवण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी होती. पुढची तीस वर्षे हे तंत्र प्रामुख्याने पाट्या आणि जाहिराती यांच्या धंद्यातच राहिले. ते कलाकारांपर्यंत पोहोचले ते महामंदीच्या काळात. बेकार कलाकारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने चालवलेल्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये, न्यूयॉर्क येथे, अँथनी व्हेलोनिस यांच्या नेतृत्वाखाली १९३८ मध्ये स्क्रीन प्रिंटिंगचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. सार्वजनिक पैशातून चाललेल्या सामायिक जागेत कलाकारांनी एकत्र काम करायचे, ही पद्धत तिथे रुजली. १९४० मध्ये नॅशनल सेरिग्राफ सोसायटी स्थापन झाली (सेरिग्राफ म्हणजे कलाकृती म्हणून केलेला स्क्रीन प्रिंट) आणि या छपाईला कलादालनांत स्थान मिळू लागले.

दुसरे वळण पॅरिसचे आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरले. मे १९६८ मध्ये फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगारांनी केलेल्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी एकोल दे बोझार या कलाविद्यालयाचा ताबा घेतला आणि आतेलिए पॉप्युलेर या नावाने भित्तिपत्रके छापायला सुरुवात केली. पहिले पत्रक शिळाछापाचे होते आणि त्याच्या जेमतेम तीस प्रती निघाल्या. संपावर गेलेल्या शहराला तेवढ्या प्रती कशा पुरणार? तेव्हा गी द रूजमाँ आणि एरिक सेदू यांनी स्क्रीन प्रिंटिंगचा मार्ग सुचवला आणि छपाईचा वेग एकदम वाढला. प्रत्येक रेखाटन सभेपुढे ठेवले जाई. त्यातील राजकीय विचार योग्य आहे का आणि तो चित्रातून नीट पोहोचतो का, या दोन प्रश्नांवर चर्चा होऊन मगच ते छपाईला जाई. पत्रकांवर कोणाचीही सही नसे. जूनअखेर पोलिसांनी इमारत रिकामी केली, परंतु ही कार्यपद्धती तोवर देशाबाहेर गेली होती.

लंडनमध्ये त्याच वर्षी कॅम्डन रोडवरील एका तळघरात पोस्टर वर्कशॉप सुरू झाले. संपकरी कामगार आणि भाडेकरूंच्या संघटना तिथे येऊन आपली पत्रके करून घेत. १९७४ मध्ये पॅडिंग्टन प्रिंटशॉप आणि स्त्रियांनी चालवलेले सी रेड विमेन्स वर्कशॉप निघाले. सी रेडमध्ये रेखाटनापासून छपाईपर्यंत सारे काम सामुदायिक होते. अशा अनेक उपक्रमांना ग्रेटर लंडन कौन्सिल या शहराच्या प्रशासकीय मंडळाच्या अनुदानाचा आधार होता. ते मंडळ १९८६ मध्ये बरखास्त झाले आणि कार्यशाळांच्या आर्थिक पायालाच धक्का बसला. सी रेड १९९० मध्ये बंद झाले.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील सेल्फ हेल्प ग्राफिक्स या संस्थेची घडण निराळी. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथातील जोगीण सिस्टर कॅरेन बोकॅलेरो यांनी काही मेक्सिकन आणि चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी) कलाकारांसह १९७० मध्ये एका गॅरेजमध्ये ती सुरू केली. सिस्टर कॅरेन यांना स्क्रीन प्रिंटिंगमधील नामवंत कलाकार कोरिटा केंट यांच्याकडून शिक्षण मिळाले होते. संस्थेची एक फिरती गाडी वस्त्यावस्त्यांत जाऊन मुलांना कला शिकवत असे. १९८३ मध्ये तिथे निमंत्रित कलाकारांसाठी स्क्रीन प्रिंटिंगचा नियमित कार्यक्रम सुरू झाला. त्यात कलाकार अनुभवी छपाईकाराबरोबर मर्यादित प्रतींची आवृत्ती काढतो. काही प्रती त्याला मिळतात, उरलेल्या संस्था विकते. पॅरिसच्या बिनसहीच्या पत्रकांपासून ही वाट स्पष्टपणे दूर गेलेली आहे, कारण इथे प्रत्येक प्रतीवर सही आणि क्रमांक असतो. तरीही स्वतःची छपाईची जागा कधीच परवडली नसती अशा कलाकारांना ती मिळाली आणि विक्रीच्या उत्पन्नाचा संस्थेला हातभार लागला. लंडनच्या कार्यशाळांना अनुदान थांबल्यावर नेमका असाच आधार हवा होता.