‘अपेक्षित’ कोणाच्या मापाने? सीमाभागातल्या छाती आणि हाडांच्या तपासण्यांची पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडीकडचा धापेचा रुग्ण तपासणीसाठी मिरज-कोल्हापूरला जातो, हुबळीला जातो, खानापूरकडचा कधी गोव्यालाही उतरतो. महिन्याभरात दोन ठिकाणी स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या यंत्रात फुंकून आला, तर ‘अपेक्षितच्या किती टक्के’ या रकान्यात दोन वेगळे आकडे येऊ शकतात. फुप्फुस तेच, फुंकर जवळपास तीच. बदललेले असते ते यंत्रात निवडलेले सूत्र, म्हणजे या वयाच्या, या उंचीच्या माणसाने किती हवा सोडायला हवी याचा हिशोब. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचेही तसेच आहे. फुप्फुस आणि हाडे एकत्र अभ्यासणारे संशोधन गेल्या तीस वर्षांत वाढले. ते ज्या दोन आकड्यांवर उभे आहे, फुंकरीसाठी ०.७० आणि हाडांसाठी उणे २.५, त्यांचा उगम समजल्याशिवाय आपल्या हातातला कागद नीट वाचता येत नाही.

उंची आणि फुप्फुसाची क्षमता यांचा संबंध १८४६ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांना पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपात फुंकायला लावून दाखवला गेला. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याची कल्पना १९४७ मध्ये फ्रान्समधून आली. तोच आजचा एफईव्ही१. पूर्ण फुंकरीतली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. एकाला दुसऱ्याने भागले की नळ्या किती अरुंद झाल्या आहेत ते कळते.

०.७० चा निर्णय २००१ चा. सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजारासाठी, जागतिक पातळीवर पहिली मार्गदर्शक सूचना निघाली तेव्हा ठरले की, श्वासनळ्या उघडणारे औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले तर रोग आहे असे मानावे. आकडा गोल आहे, कोष्टक लागत नाही, ओपीडीत तोंडी हिशोब होतो. शिवाय अंश आणि छेद दोन्ही त्याच माणसाचे, त्यामुळे हा भागाकार करायला कोणत्या देशाचे सूत्र हाताशी असावे लागत नाही. सोय होती यात शंका नाही. पण वय वाढते तसे हे गुणोत्तर निरोगी माणसातही घसरते, आणि ०.७० मात्र जागचा हलत नाही.

समजा, ६८ वर्षांच्या शेतकऱ्याचा एफव्हीसी २.६० लिटर आणि एफईव्ही१ १.७७ लिटर आला. गुणोत्तर ०.६८. नियमाने सीओपीडी. पण त्या वयाच्या निरोगी पुरुषांमधल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची सीमा ०.६५ च्या आसपास येते. म्हणजे त्याचा श्वास वयाला धरूनच असू शकतो, आणि उगाच वर्षानुवर्षे पंप मागे लागतो. उलट, फाउंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासण्याचे काम करणाऱ्या २८ वर्षांच्या पोराचे ३.८० पैकी २.७० लिटर पहिल्या सेकंदात बाहेर पडले, तर गुणोत्तर ०.७१. ‘नॉर्मल’. त्याच्या वयाची खालची सीमा मात्र ०.७३ च्या घरात आहे. ग्राइंडरसमोर अजून तीस वर्षे काढायची असलेला हा माणूस नेमका चाळणीतून निसटतो. वाद दोन्ही बाजूंनी लढवला गेला आहे. ०.७० च्या बाजूचे म्हणतात, हॉस्पिटलात दाखल होणे आणि मृत्यू यांचा अंदाज हा साधा आकडाही बऱ्यापैकी देतो. तसे असेलही. पण जिथे विशी-पंचविशीत माणसे वाळू, तंबाखूची भुकटी आणि धूर यांत उतरतात, तिथे वयानुसारची सीमा पाहणेच योग्य, आणि ती सीमा आता बहुतेक यंत्रे छापून देतात.

इथून पुढे गुंता वाढतो, कारण वयाची सीमा म्हटली की सूत्र आले. भारतात मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि उत्तरेकडे वेगवेगळ्या दशकांत निरोगी लोकांवर मोजमापे होऊन प्रदेशवार सूत्रे तयार झाली. बेळगाव कुठे बसवायचे? राज्य पाहिले तर दक्षिणेत. शरीरयष्टी, आहार, सोयरिकी पाहिल्या तर कोल्हापूर-सांगलीपासून वेगळे काढता येत नाही. राज्याच्या हद्दीला फुप्फुसाच्या दृष्टीने काही अर्थ नाही, पण यंत्राच्या यादीत ‘पश्चिम’ निवडायचे की ‘दक्षिण’, हे कुणीतरी बसवतानाच ठरवून टाकलेले असते आणि पुढे त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

दुसरी वाट गोऱ्यांच्या सूत्राला गुणकाने कमी करण्याची. २००५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई वंशाच्या लोकांसाठी ०.९४ हा गुणक सुचवला होता. अपेक्षित एफव्हीसी ३.२० लिटर असेल आणि माणसाने २.४० लिटर फुंकले, तर ७५ टक्के. गुणक लावला की अपेक्षा ३.०१ वर येते आणि तेच २.४० लिटर ८० टक्के होतात. ८० टक्क्यांवरचे ‘ठीक’ मानायची जुनी सवय अजून गेलेली नाही, म्हणून एका गुणाकाराने माणूस आजारी किंवा बरा ठरतो. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. त्याचे निदान एक्स-रे आणि कामाच्या इतिहासावर होते, फुंकून नाही. पण किती क्षमता गेली, हे सांगताना हाच टक्का पुढे केला जातो. भरपाईच्या कागदावर गुणक लावलेला आहे की नाही, याला म्हणून फार किंमत आहे.

२०१२ मध्ये २६ देशांतल्या ७४ हजारांहून अधिक निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या मोजमापांवर ३ ते ९५ वर्षांसाठी एकच सूत्रसंच आला. त्यात चार वंशगट होते, दक्षिण आशियाचा स्वतंत्र गट नव्हता, आपण ‘इतर’मध्ये. २०२२ मध्ये वंशाचा रकानाच काढून टाकलेले सूत्र आले आणि पुढच्या वर्षी ते वापरण्याची शिफारस झाली. आज एखाद्या रुग्णाच्या फायलीत दहा वर्षांचे कागद असतील, तर त्यात तीन सूत्रे सापडू शकतात. टक्क्यांची तुलना तिथे व्यर्थ आहे. लिटरची तुलना करावी.

अर्थात लिटर तरी खरे हवेत. तीन लिटरच्या पिचकारीने यंत्र रोज तपासावे लागते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषात फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. किमान तीन मान्य फुंकरी, जास्तीत जास्त आठ, आणि सर्वांत मोठ्या दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. फुंकर संपली कधी मानायची? शेवटच्या सेकंदात २५ मिलिलिटरहून कमी हवा आली तर, किंवा १५ सेकंद झाले तर. औषधानंतरच्या चाचणीसाठी साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून), एकेक करून द्यायचे आणि किमान दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. गर्दीत ही पंधरा मिनिटे पाच होतात, आणि औषधाने उघडू शकणाऱ्या दम्याच्या नळ्या कागदावर सीओपीडी होऊन बसतात. बोलीत दोन्हींना ‘दमा’च म्हणतात, त्यामुळे पुढे चूक उघडकीला यायला वेळ लागतो. रुग्ण भीतभीत सुरुवात करतो, मध्येच श्वास आत ओढतो, ओठांच्या कडेतून हवा निसटते, सैल कवळी हलते. तोंडात तंबाखूची चिमूट असेल तर आधी चूळ भरायला लावायची. सूचना त्याच्या भाषेत हवी: ‘फुंका, फुंका, अजून, अजून’; चिकोडीच्या पलीकडे ‘ऊदि, ऊदि, इन्नू’. आवाज चढवून शेवटपर्यंत लावून धरले नाही, तर एफव्हीसी खोटा कमी येतो आणि गुणोत्तर खोटे चांगले दिसते.

हाडांकडे येऊ. १९६३ मध्ये किरणोत्सारी आयोडीन वापरून मनगटाजवळच्या हाडाची घनता मोजली जाऊ लागली. दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांचे डेक्सा यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले. घनता निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी वर-खाली आहे, तो आकडा म्हणजे टी-स्कोअर; तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याचे निदान. ही रेघ १९९४ ची, आणि ती आखली गेली पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांसाठी. नितंबाच्या हाडासाठीची संदर्भमूल्ये अमेरिकेतल्या २० ते २९ वर्षांच्या गोऱ्या तरुणींची. पुरुषांच्या टी-स्कोअरलाही तोच संदर्भ वापरावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्यात डेक्सा ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर मोजते, हाडाची जाडी धरत नाही; त्यामुळे लहान चणीच्या बाईचे हाड आहे त्यापेक्षा विरळ दिसते. भारतीय तरुणांची संदर्भमूल्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, ती वापरली की ऑस्टिओपोरोसिसचे प्रमाण कमी निघते. कोणते वापरले, हे कागदावर लिहिलेले असावे. दोन कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे तर एकमेकांशी ताडूच नयेत.

फुप्फुसाच्या रुग्णांत हाडे पाहायची गरज स्टेरॉइडमुळे पुढे आली. पोटातून घेतलेल्या प्रेडनिसोलोनने पहिल्या तीन महिन्यांतच हाड मोडण्याचा धोका वाढतो, तोही घनता फारशी उतरायच्या आत. धाप लागली की उरलेल्या पट्टीतली गोळी घ्यायची, ही सवय म्हणून घातक. २००७ मध्ये सहा हजारांवर सीओपीडी रुग्णांची तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या हाडांच्या उपगटात औषध सुरू होण्याआधीच १८ टक्के पुरुष आणि ३० टक्के स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस होता. पंपातल्या स्टेरॉइडने त्या तीन वर्षांत घनतेत वेगळी घट दिसली नाही. न्यूमोनिया मात्र वाढला. पंपाला घाबरून गोळ्यांवर राहणाऱ्यांना हे सांगायला हवे.

डेक्साच्या आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये. न विरघळलेली गोळी कण्यावर पांढरी दिसते आणि घनता फुगवते. करगोट्यातली चांदी, साडीच्या निऱ्यांची पिन, परकराचा हूक काढून ठेवावा. मणक्यांना फुटलेले कंगोरे आणि महाधमनीतला चुना हेही आकडा वाढवतात, म्हणून सत्तरीत कण्यापेक्षा नितंबाचा आकडा भरवशाचा.

या दोन तपासण्या एका ठिकाणी प्रत्यक्ष येऊन मिळतात, ती म्हणजे उंची. छातीच्या भागातला एक मणका चेपला की एफव्हीसी सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. त्याच वेळी उंचीही घटते. तंत्रज्ञाने वाकलेल्या बाईची आजची उंची यंत्रात भरली, तर अपेक्षित आकडाही लहान होतो आणि झालेली हानी टक्क्यांत लपून जाते. अशा बाईला भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायला सांगावे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेपने मोजावे. त्या मापावरून उंचीचा अंदाज बांधायचा, तो भरायचा, आणि ‘हातांच्या मापावरून’ असे कागदावर लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी मिरजेत असो की हुबळीत, तेच माप धरले जाईल.