न पाहिलेले हेतू आणि आधीच सांगितलेला आकडा

चॅटबॉटसारख्या यंत्रणेला लिहिलेल्या वाक्यातून वापरकर्त्याचा हेतू, म्हणजे त्याला नेमके काय हवे आहे ते, ओळखणे म्हणजे ठरलेल्या यादीतून एक निवडणे, असेच बराच काळ धरले गेले. 1990च्या दशकातल्या विमानप्रवासाच्या चौकशांच्या संचात सुमारे तीन चतुर्थांश वाक्ये एकाच हेतूची होती. 2019मध्ये 150 हेतूंची 22,500 वाक्ये आणि शिवाय कशातच न बसणारी 1,200 वाक्ये असलेला संच आला, आणि ‘हे यादीत नाही’ असे सांगता येणे हाही परीक्षेचा भाग झाला. बाजूला काढलेल्या वाक्यांतून नवे हेतू शोधण्याच्या कामाने जोर धरला तो त्याच सुमारास. मजकुराचा अर्थ पकडणारे बर्ट हे भाषा-मॉडेल 2018मध्ये आले होते आणि वर्षभरात त्यावरून अख्ख्या वाक्याचे एम्बेडिंग (अर्थ दाखवणारी आकड्यांची यादी) काढणारी मॉडेल्सही हाताशी आली होती.

रूढ झालेली परीक्षा अशी: एकूण हेतूंपैकी 75 टक्के माहीत आहेत असे मानायचे, त्यांच्या फक्त 10 टक्के वाक्यांना लेबल (हेतूचे नाव) द्यायचे, उरलेले सगळे एकत्र करून क्लस्टर, म्हणजे सारख्या वाक्यांचे गट, पाडायचे. वाद आहे तो क्लस्टरच्या संख्येवर. बहुतेक तुलनांमध्ये ही संख्या मॉडेलला आधीच सांगितली जाते, आणि ती येते माणसांनी लावलेल्या लेबलांवरून. जे अजून कोणी पाहिलेलेच नाही ते किती आहे हे आधी सांगणे म्हणजे अर्धे उत्तर देऊन टाकणे. 2021च्या एका पद्धतीने मुद्दाम जास्त क्लस्टर पाडून त्यातले तुटपुंजे गाळण्याचा मार्ग दाखवला. तो उपयोगी आहे. पण कितीपेक्षा लहान क्लस्टर गाळायचे, हे तिथेही आधीच ठरवावे लागते. आणि नेमके नवे हेतू सुरुवातीला तुटपुंजेच असतात.

शिवाय ‘खरी’ संख्या तरी कोणती? 2020च्या बँकिंग संचात 13,083 वाक्ये 77 हेतूंत विभागली आहेत. ‘कार्ड अजून आले नाही’ आणि ‘कार्ड यायला किती दिवस लागतात’ हे तिथे दोन वेगळे हेतू आहेत. मॉडेलने दोन्ही एकत्र ठेवले तर गुण जातात, पण उत्तर देणाऱ्याचे काम कदाचित अडणारही नाही. गुणांच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्राची सगळ्यात मोठी उणीव तीच आहे.

हलक्या मॉडेलांकडे वळण्याचे कारण खर्चाचे. रोज येणारी लाखो वाक्ये मोठ्या मॉडेलकडून वाचून घेणे परवडत नाही, आणि खासगी मजकूर बाहेर पाठवणेही अनेकांना चालत नाही. 2019मध्ये बर्टची 6.6 कोटी पॅरामीटरची (मॉडेल शिकते ते आतले आकडे) छोटी आवृत्ती आली. मूळ बेस मॉडेल 11 कोटींचे होते. पुढे सव्वादोन कोटींच्या आसपासची वाक्य-मॉडेल्स साध्या संगणकावरही चालू लागली. 2023पासून कामाची वाटणी दिसते: छोटे मॉडेल सगळी वाक्ये हाताळते, आणि जिथे ते गोंधळते तेवढीच वाक्ये मोठ्या मॉडेलपुढे जातात, ‘हे वाक्य कोणाच्या जवळचे, याच्या की त्याच्या?’ अशा प्रश्नासह. मिळालेल्या उत्तरांवर छोटे मॉडेल पुन्हा शिकते. हेतू किती बारीक पाडायचे हेही अशाच थोड्या प्रश्नांतून ठरवता येते. त्यासाठी मात्र ‘या दोन वाक्यांचा हेतू एकच’ असे दाखवणारी काही उदाहरणे माणसाने आधी द्यावी लागतात.