विवर्तन (प्रकाशाचे)

बारीक फटीतून किंवा अडथळ्याच्या कडेला घासून जाताना प्रकाश सरळ वाट सोडून थोडा फाकतो आणि पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, त्यास विवर्तन म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी शाळेत हा शब्द शिकलेल्या मुलाला पुढे कन्नड पुस्तकातही ‘विवर्तने’च भेटते. गोंधळ होतो तो मराठीतल्या मराठीत, वक्रीभवनाशी. पाण्यात वा भिंगात शिरताना प्रकाश वळतो, ते वक्रीभवन. विवर्तनाला माध्यम बदलावे लागत नाही, कड पुरते.

ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बेळगावातला शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग. तिथल्या घरात साधन हाताशीच असते. तलम रेशमी पदर डोळ्यांसमोर ताणून धरावा आणि अंधाऱ्या गल्लीच्या टोकाला ठेवलेल्या मोबाइलच्या टॉर्चकडे पाहावे. एका दिव्याच्या जागी उभ्या-आडव्या ठिपक्यांची फुली दिसते. पदर फिरवला की फुलीही फिरते. सेंटीमीटरला 50 धागे असतील, तर 20 मीटरवरच्या दिव्याचे ठिपके सुमारे साडेपाच सेंटीमीटर अंतराने पडलेले भासतात. वीण जितकी दाट, तितके ठिपके लांब लांब. पहिल्यांदा पाहणारा नेमके उलटे धरून चालतो. ठिपक्याची बाहेरची कड तांबूस असते, कारण तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी (सुमारे 650 नॅनोमीटर) निळ्याहून (सुमारे 450) जास्त आणि म्हणून त्याचे फाकणेही जास्त.

फिलाडेल्फियात 1785 साली फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला आणि कोडे डेव्हिड रिटनहाऊस यांच्यापुढे टाकले. रिटनहाऊस यांनी केस समांतर ताणून जाळीच तयार केली. विवर्तनाचे पहिले वर्णन मात्र इटलीतील ग्रिमाल्डी यांचे. ते 1665 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. फ्रेनेल यांनी 1818 मध्ये प्रकाश हा तरंग आहे असे धरून विवर्तनाचे गणित मांडले, तेव्हा प्वासाँ यांनी चूक दाखवायला म्हणून सांगितले : मग गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा! आरागो यांनी प्रयोग केला, ठिपका होता. तरंगवाद्यांना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

पण 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशविद्युत परिणामाचा (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्याचा) उलगडा करताना प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुडक्यांत मिळते असे मांडले. या पुडक्यांना पुढे फोटॉन हे नाव रूढ झाले. एक वॉट हिरव्या प्रकाशात सेकंदाला सुमारे 28 वर 17 शून्ये इतके फोटॉन असतात, म्हणून रोजच्या उजेडात त्यांचे सुटेपण जाणवत नाही. जी. आय. टेलर यांनी 1909 मध्ये अतिमंद प्रकाशात सुईच्या सावलीचे फोटो घेतले. सर्वांत लांबलेल्या फोटोसाठी पट्टीवर सुमारे तीन महिने प्रकाश पडू दिला होता. पट्टे तरी तसेच आले. म्हणजे फोटॉनांच्या गर्दीतली धक्काबुक्की हे पट्ट्यांचे कारण नव्हे. प्रत्येक फोटॉन एकाच जागी, अख्खा नोंदला जातो. कुठे नोंदला जाण्याची शक्यता किती, ते तरंग ठरवतो. फोटॉन ‘अर्धा कण, अर्धा तरंग’ असतो हे सोपे वाक्य पाठ करण्याजोगे नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती तांबूस किनारीचे कडे दिसते, तेही विवर्तनच. तिथे धाग्यांचे काम जलकण करतात. विरळ ढगाआडच्या चंद्राला लगटून असलेले लहान रंगीत कडे त्याच जातीचे. चंद्रापासून बरेच दूर पडणारे मोठे फिकट खळे मात्र हिमस्फटिकांतील वक्रीभवनाचे असते.