मानसशास्त्रीय करार

मानसशास्त्रीय करार : नियुक्तीपत्रात किंवा सेवाशर्तींत कोठेही न लिहिलेल्या, तरीही कर्मचारी व मालक ज्या गृहीत धरून वागतात अशा परस्पर अपेक्षांचा समुच्चय. ‘मानसिक करार’ असाही पर्याय मराठीत आढळतो. पगार, कामाचे तास, रजा या बाबी कागदावर असतात. अडचणीच्या वेळी सांभाळून घेतले जाईल, मन लावून काम केल्यास बढतीचा विचार होईल, गरज पडल्यास माणूस वेळ न पाहता थांबेल, या बाबी बहुधा कागदावर नसतात. येथे ‘करार’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने वापरलेला नाही. कायदा ज्यांना गर्भित अटी म्हणतो, त्या लिहिलेल्या नसल्या तरी न्यायालय करारात धरू शकते व लागूही करू शकते. मानसशास्त्रीय कराराला असा आधार नसतो.

संज्ञेचा उगम : ही संज्ञा प्रथम कोणी वापरली याविषयी दोन परंपरा आहेत. सामान्यतः तिचे श्रेय अमेरिकन अभ्यासक ख्रिस अर्जिरिस यांना दिले जाते. १९६० मध्ये त्यांनी दोन कारखान्यांतील मुकादम व कामगार यांच्या संबंधांचे वर्णन करताना ‘मानसशास्त्रीय कार्यकरार’ असा शब्दप्रयोग केला. हे मुकादम स्वतः कामगारांतूनच वर आलेले होते. कामगारांच्या आपसातील रीतीभातींत त्यांनी ढवळाढवळ करायची नाही, पुरेसा पगार व नोकरीची शाश्वती राहील असे पाहायचे आणि त्या बदल्यात उत्पादन चांगले व तक्रारी कमी राहायच्या, असा हा अलिखित व्यवहार होता. अर्जिरिस यांनी मात्र संज्ञेची काटेकोर व्याख्या केली नाही.

दुसरी परंपरा मनोविश्लेषणाकडे जाते. हॅरी लेव्हिन्सन व सहकाऱ्यांनी एका वीज व गॅसपुरवठा कंपनीतील ८७४ कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेले संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध केले आणि कल्पनेचे श्रेय अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांच्या १९५८ मधील विवेचनाला दिले. मेनिंजर यांचा विषय मनोविश्लेषक व रुग्ण यांच्यातील दृश्य आणि अदृश्य देवाणघेवाण हा होता. तथापि मार्क रोहलिंग यांनी १९९७ मध्ये मूळ लेखनाची छाननी करून दाखवले, की मेनिंजर यांच्या त्या ग्रंथात कल्पना आहे, पण ही संज्ञा नाही. त्यामुळे शब्द अर्जिरिस यांचा मानणे सयुक्तिक ठरते. आशयाच्या दृष्टीने मात्र लेव्हिन्सन यांचे काम अधिक भरीव आहे. दोन्ही पक्षांना स्वतःच्या अपेक्षांची पुरती जाणीवही नसते, तरी त्या अपेक्षाच संबंध चालवतात, हा त्यांचा मुद्दा आजही टिकून आहे. याच्याही मागे व्यवस्थापन-विचारक चेस्टर बर्नार्ड यांची १९३८ मधील मांडणी आहे. संस्थेकडून मिळणारी प्रलोभने (म्हणजे लाभ) आणि माणसाने दिलेले योगदान यांच्या समतोलावर संस्था टिकते, असे ते म्हणत. एडगर शाइन यांनी १९६५ मध्ये अपेक्षांच्या परस्पर जुळणीवर भर दिला.

व्याख्येचा वाद : अमेरिकन अभ्यासक डेनिस रूसो यांच्या १९८९ मधील लेखाने या विषयाला नवे वळण दिले. त्यांच्या मते हा करार व्यक्तीच्या मनात असतो व तो नुसत्या अपेक्षांवर नव्हे, तर दिले गेले असे त्या व्यक्तीला वाटणाऱ्या वचनांवर उभा असतो. कायदेपंडित इयन मॅकनील यांच्या विचारावरून त्यांनी व्यवहारप्रधान (ठराविक कामाला ठराविक मोबदला) आणि संबंधप्रधान (दीर्घकाळच्या विश्वासावर आधारलेला) असे दोन प्रकार मांडले. या व्याख्येमुळे प्रश्नावलीद्वारे मोजमाप सोपे झाले व संशोधन झपाट्याने वाढले, परंतु मालकाची बाजू दृष्टीआड गेली. डेव्हिड गेस्ट यांनी १९९८ मध्ये विचारले, की करार एकाच्याच मनात असेल, तर त्याला करार का म्हणावे? रूसो यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. वाद पूर्ण मिटलेला नसला, तरी दोन्ही बाजूंचा विचार केल्याखेरीज ‘परस्पर’ या शब्दाला अर्थ उरत नाही, हा आक्षेप वजनदार आहे.

भंग : एलिझाबेथ मॉरिसन व सँड्रा रॉबिन्सन (१९९७) यांनी वचन पाळले गेले नाही ही जाणीव आणि त्यातून उसळणारी संताप व विश्वासघाताची भावना यांत फरक केला. कधी शब्द जाणूनबुजून फिरवला जातो, तर कधी दोघांनी मुळातच वेगळे समजून घेतलेले असते. दुसऱ्या प्रकारात खोटे कोणीच बोललेले नसते. रॉबिन्सन व रूसो यांच्या १९९४ मधील पाहणीत व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या निम्म्याहून अधिक पदवीधरांनी भंगाचा अनुभव नोंदवला.

बदलते स्वरूप : निष्ठेच्या बदल्यात स्थैर्य हा जुना व्यवहार मोठ्या उद्योगांत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. जपानमधील आजन्म नोकरीची प्रथा हे त्याचे ठळक रूप असले, तरी तेथेही तिचा लाभ प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतील कायम कर्मचाऱ्यांनाच होता. १९८० नंतर अमेरिका व ब्रिटनमधील नोकरकपातीने हा व्यवहार मोडला. त्याच्या जागी कौशल्यवाढ व रोजगारक्षमता (दुसरीकडे काम मिळवण्याची पात्रता) यांचे आश्वासन आले. हा बदल वाटाघाटीतून झाला नाही. जुन्या समजुतीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला तो केवळ कळवला गेला, आणि या विषयावरील लेखनात ही बाब पुरेशा ठळकपणे येत नाही.

२०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची मुभा काढून घेतली जाऊ लागली, तेव्हा व्याख्येचा जुना वाद व्यवहारात उतरला. अनेक ठिकाणी लेखी वचन नव्हते, तोंडीही नव्हते. रूसो यांच्या कसोटीने भंग सिद्ध करायचा, तर मिळालेल्या मुभेलाच वचन मानावे लागते. लेव्हिन्सन यांच्या कसोटीने दोन-तीन वर्षांत रुळलेली अपेक्षा पुरेशी ठरते. ॲपद्वारे मिळणाऱ्या कामात तर अपेक्षा कोणाकडून ठेवायची हेच धूसर होते. काम वाटणारी संगणकप्रणाली वचन देत नाही, पण काम करणारा तिच्या वागण्यातून वचन वाचतच असतो.