घोड्यावरची चांदी कमरेवर कशी आली

आपल्याकडे पोलीस शिपायाची ओळख आजही बक्कल नंबराने होते. तो नंबर खरोखर बक्कलावर असो वा नसो, शब्द टिकून आहे. कमरेवरच्या धातूच्या तुकड्याने माणूस कोण ते सांगावे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेच्या पश्चिम भागात याच कल्पनेला चांदी लागली. तिथल्या रोडिओत, म्हणजे उधळणारे घोडे आणि बैल काबूत आणण्याच्या स्पर्धांत, जिंकणाऱ्याला तळहाताएवढे बक्कल मिळते. त्यावर वेलबुट्टी कोरलेली असते आणि मधोमध सोनेरी अक्षरांत स्पर्धा, गाव, साल. विजार सावरायला एवढा ऐवज लागत नाही. बक्कल वाचण्यासाठी असते.

ते पाहिले की जुना काउबॉय डोळ्यांसमोर येतो. गंमत अशी की जुन्या काउबॉयकडे ते नव्हतेच. १८७०-८०च्या दशकांत टेक्सासहून कळप हाकत नेणाऱ्या गुराख्यांच्या विजारींना सहसा पट्ट्यासाठी लूपच नसत. विजार गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, तोलायची, नाहीतर मागची छोटी पट्टी आवळून घट्ट करायची. लिव्हाय स्ट्रॉसच्या जीनला लूप लागले १९२२ मध्ये, आणि गॅलिसची बटणे गेली १९३७ मध्ये. त्याआधी अक्षरे असलेले बक्कल दिसे ते मुख्यतः सैनिकाच्या कमरेवर. यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या सैन्याची ‘यूएस’ अक्षरांची लंबगोल बक्कले प्रसिद्ध आहेत: पितळेचा ठसवलेला पत्रा, आणि त्याला वजन व बळ यावे म्हणून मागून ओतलेले शिसे. कारागिरीपेक्षा सरकारी पुरवठ्याचा माल तो.

मग चांदी कुठून आली? घोड्यावरून. स्पॅनिश-मेक्सिकन घोडेस्वार गुराख्यांची, व्हाकेरोंची, परंपरा काउबॉयपेक्षा जुनी. पैसा हाती आला की व्हाकेरो तो स्वतःच्या अंगावर घालण्याआधी घोड्याला घाली: लगाम, खोगीर, टाचेची आर, सगळ्यावर चांदी आणि चांदीवर कोरीव वेल. कॅलिफोर्निया आणि नेवाडात ही कला रुजली. नेवाडात १८५९ पासून कॉम्स्टॉकची प्रचंड चांदीची खाण गाजत होती, हेही लक्षात ठेवायला हवे. त्याच नेवाडातल्या एल्को गावी जी. एस. गार्सिया खोगिरे आणि लगाम घडवत. त्यांच्या एका खोगिराला १९०४च्या सेंट लुइस प्रदर्शनात आणि १९०५च्या पोर्टलंड प्रदर्शनात सुवर्णपदके मिळाली. पुढे बक्कलावर दिसणारा वळणदार वेल आधी खोगिरावर आणि लगामावर फुलला होता.

दुसरा झरा नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्यातला पहिला चांदीकारागीर म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो अत्सिडी सानी धातुकाम शिकला मेक्सिकन कारागिराकडून. अमेरिकी सैन्याने १८६४ मध्ये नवाहोंना त्यांच्या भूमीतून हाकलून बोस्के रेडोंडोला डांबले. १८६८च्या तहानंतर ते परतले आणि त्यानंतरच्या दशकांत चांदीकाम झपाट्याने पसरले. कच्चा माल म्हणजे नाणी, अमेरिकी डॉलर आणि मेक्सिकन पेसो. दोन्हींत चांदी नव्वद टक्क्यांच्या आसपास. ती वितळवून, ठोकून, कडेला नक्षी देऊन शिंपल्यासारख्या चकत्या करत. स्पॅनिशमध्ये शिंपला म्हणजे कोंचा, त्यावरून हे कोंचो पट्टे. सुरुवातीच्या चकत्यांना मधोमध पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचे भोक असे आणि त्यातून चामड्याची पट्टी ओवत. सुबक डाक (वितळून सांधा जोडणारा धातू) लावून झाळता येऊ लागले तशी मागे तांब्याची कडी आली, पुढचा भाग नक्षीला मोकळा झाला. झाळकाम जमले की अलंकाराचा चेहराच बदलतो, हे चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या कारागिराला सांगायला नको.

शेजारच्या होपींची गोष्ट वेगळी आणि बरीच अलीकडची. फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न अॅरिझोनाने १९३८च्या सुमारास होपी कारागिरांना सुचवले की नवाहोंसारखे करू नका, तुमच्या मडक्यांवरची आणि टोपल्यांवरची नक्षी चांदीत आणा. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या होपी सैनिकांसाठी १९४७ मध्ये वर्ग सुरू झाले. तिथे फ्रेड काबोटी नक्षी शिकवत आणि पॉल सॉफ्की धातुकाम. १९४९ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांचे तंत्र असे: चांदीचे दोन पत्रे घ्यायचे, वरच्यातून नक्षी करवतीने कापून काढायची, तो खालच्यावर झाळायचा आणि खोलगट भाग गंधकाच्या द्रावणाने काळा करायचा. इथे नक्षी म्हणजे भोक. रोडिओच्या बक्कलात नेमके उलटे. करवतीने कापून निघालेला तुकडा हेच अक्षर, आणि ते वर बसते. दोन्हींना इंग्रजीत एकच नाव, ओव्हरले, म्हणून लोक घोळ करतात.

हे सगळे झरे एकत्र आले ते हॉलीवुडमध्ये. पडद्यावरच्या काउबॉयला लांबून दिसेल असे काहीतरी हवे होते. टॉम मिक्स हा मूकपटांचा नट भपक्यासाठीच प्रसिद्ध. त्याच्या भोवतीच एडवर्ड बोलिन या कारागिराचे नशीब फळफळले. बोलिन जन्माने स्वीडिश, १८९५चा. काउबॉयच्या वेडाने अमेरिकेला आला. त्याने स्वतःसाठी शिवलेला कोट मिक्सने अंगावरून उतरवून विकत घेतला, असे सांगतात. पुढे चांदीने मढवलेली खोगिरे, पट्टे, बक्कले यांसाठी नटमंडळी त्याच्याच दुकानात जात. छोटे बक्कल, एक-दोन कड्या आणि पट्ट्याचे टोक, असा जो ‘रेंजर’ संच आज अस्सल टेक्सासचा म्हणून मिरवतो, त्याला लोकप्रियता देण्यात या सिनेमावाल्यांचा मोठा वाटा. परंपरा शंभर वर्षांची, रुबाब मात्र दीडशेचा!

रोडिओत आधी बक्षिसे वेगळी असत. अॅरिझोनातल्या प्रेस्कॉटला १८८८ मध्ये जी स्पर्धा झाली, तिथे हुआन लेवास नावाच्या व्हाकेरोला मानचिन्ह मिळाले. रोख रक्कम, खोगीर, आरा हेही चाले. बक्कल विसाव्या शतकात आले, आणि मला वाटते त्याचे कारण साधे आहे: हा खेळाडू गावोगाव भटकणारा. चषक घरी फळीवर राहतो, बक्कल त्याच्याबरोबर पुढच्या मैदानात उतरते. १९३६ मध्ये बॉस्टनला संप करून या खेळाडूंनी आपली संघटना काढली आणि तिला नाव दिले कासव. एकत्र यायला उशीर झाला, पण मान बाहेर काढली. तिच्याच पुढच्या अवताराने १९५९ मध्ये डॅलसला पहिली राष्ट्रीय अंतिम फेरी भरवली, जी १९८५ पासून लास व्हेगासला होते. जगज्जेत्याचे बक्षीस म्हणजे सोन्याचे बक्कल.

आता अक्षरांबद्दल, कारण खरी मेहनत तिथे आहे. नाव आधी कागदावर आखून पत्र्यावर चिकटवतात. हा पत्रा सोन्याचा, किंवा बहुतेक वेळा सोन्यासारख्या दिसणाऱ्या तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचा. केसासारख्या पात्याच्या सोनारी करवतीने एकेक अक्षर कापायचे. रोमनमधल्या ‘ए’, ‘ओ’, ‘आर’ यांच्या पोटात आधी भोक पाडून पाते ओवावे लागते. मग ओळ लावायची. झाळताना लावलेली सवागी (बोरॅक्स) उकळून फुगते, डाक वितळून वाहते आणि त्या क्षणी अक्षर तिरके सरकते; सगळ्यांचा घात इथेच होतो. देवनागरीत नाव असते तर शिरोरेखेने अख्खा शब्द एकसंध राहिला असता. बक्कल पोटाच्या बाकाप्रमाणे किंचित फुगीर असते, म्हणून अक्षरांनाही तोच बाक द्यावा लागतो, नाहीतर खाली फट राहते.

झाळकाम आटोपले की कोरीवकाम. कोरणीच्या टोकाचे पैलू आरशासारखे घासलेले असतात आणि ती तिरकी धरून चालवतात, म्हणजे कापाची एक बाजू चकाकते. कोरणी डावी-उजवीकडे डोलवत नेली की नागमोडी रेघ उमटते. खाली काळी केलेली जमीन, कडेला पिळलेल्या तारेचा दोर. हवेच्या दाबावर चालणाऱ्या कोरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, मनगट वाचले. हात कुठे वळवायचा हे मात्र अजून डोळाच ठरवतो.

१९८० हे वर्ष या धंद्यात विचित्र ठरले. जानेवारीत सट्टेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ नेली. त्याच उन्हाळ्यात एका गाजलेल्या सिनेमाने शहरी तरुणांना काउबॉयच्या पेहरावाचे वेड लावले. मागणी उसळली, पण चांदी घ्यायची कुणी? मुलामा दिलेली आणि जर्मन सिल्व्हरची बक्कले बाजारात भरून वाहत होती. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त; चांदी फक्त नावात. समोरून पाहून फरक चटकन कळत नाही. बक्कल सोडवून उलटे करायचे आणि मागे ‘स्टर्लिंग’चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्क्यांचा, शिक्का आहे का ते बघायचे.